ओसाड वास्तूंतील रानफुले आणि त्यांचे छायाचित्रण

पावसाळा ओसरत आला म्हणजे एखाद्या पडक्या वाड्यापाशी, बंद पडलेल्या गिरणीपाशी किंवा गाड्यांची ये-जा थांबलेल्या एखाद्या रेल्वेफलाटावर थोडा वेळ उभे राहून पाहावे. छप्पर कोसळलेले असते, दाराखिडक्यांच्या चौकटी कोणी काढून नेलेल्या असतात, आणि तरीही भिंतीच्या माथ्यावर तेरडा फुललेला असतो. विटांच्या दरजांतून नाजूक पिवळी फुले डोकावतात, आणि फरशीच्या भेगेत एकदांडीची लहानशी फुले आपल्या उंच दांड्यांवर डोलत असतात. वास्तूच्या इतिहासाचा अभ्यासक ह्या झाडोऱ्याकडे अडथळा म्हणून पाहतो. वनस्पतींचा अभ्यासक रानावनांत हिंडतो, पण गावातल्या पडीक आवारात पाऊल टाकण्याचे त्याला सहसा सुचत नाही. अशा रीतीने एक सबंध वनस्पतिसमूह आपल्या डोळ्यांसमोर असूनही नोंदीवाचून राहतो.

ह्या समूहाला आयुष्य थोडे असते. वास्तू ऐतिहासिक असेल तर तिची डागडुजी होते आणि भिंतीवरील झाडे काढली जातात. ती काढणे योग्यही असते, कारण पिंपळाचे एक मूळ दरजेत शिरले की काही वर्षांत चिरे सुटू लागतात. वास्तू ऐतिहासिक नसेल तर ती पाडून तेथे नवी इमारत उभी राहते. दोन्ही प्रसंगी फुलांच्या बाजूने बोलणारा कोणी नसतो, आणि पुष्कळदा बोलण्यासारखे काही नसतेही. उरते ती केवळ नोंद. कॅमेरा आता बहुतेकांच्या खिशात आलेला असल्यामुळे ही नोंद करणे कोणाही जिज्ञासू माणसास शक्य झाले आहे. मात्र फुलाचे सुंदर चित्र घेतले म्हणजे नोंद झाली असे नव्हे. नोंद कशाने होते आणि कशामुळे हुकते, हे पाहणे हा ह्या पुस्तिकेचा हेतू आहे.

भिंत म्हणजे उभी जमीन

वनस्पतिशास्त्रात अशा जागी वाढणाऱ्या झाडांना 'रुडरल' असे विशेषण लावतात. ते ज्या लॅटिन शब्दावरून आले त्याचा अर्थ दगडविटांचा राडारोडा असा आहे. आपल्याकडे ह्या झाडांना सरसकट 'तण' म्हणण्याची रीत आहे; परंतु तण हा शेतकऱ्याचा शब्द होय. पिकाच्या वाट्याचे अन्नपाणी खाणारे ते तण. जेथे पीकच नाही तेथे तो शब्द नेमका बसत नाही. म्हणून येथे 'भग्नस्थलीय वनस्पती' असा शब्द योजिला आहे.

वनस्पतीच्या दृष्टीने जुनी भिंत हा एक कडाच असतो. कड्याप्रमाणेच तिच्यावर माती थोडी, ऊन प्रखर आणि पाणी पडताच निथळून जाणारे. चुन्याने बांधलेल्या भिंतीत चुना पावसाने हळूहळू झिजतो, दरजा मोकळ्या होतात, त्यांत वाऱ्याने आलेली धूळ आणि सडलेली पाने साचतात. एवढ्या चिमूटभर मातीवर बी रुजू शकते. चुन्यामुळे ही माती अल्कधर्मी असते, म्हणून चुना मानवणाऱ्या जाती तेथे विशेष आढळतात. टेरिस व्हिटाटा हे नेचे त्यांपैकी एक असून, जुन्या विहिरींच्या आणि ओलसर भिंतींच्या चुन्यात ते हमखास दिसते. उलट ताजे सिमेंट इतके तीव्र अल्कधर्मी असते की पहिली काही वर्षे त्यावर फारसे काही उगवत नाही.

एकाच भिंतीवर तीन निरनिराळी वसतिस्थाने असतात. माथ्यावर ऊन व वारा सर्वांत अधिक, म्हणून पावसाबरोबर उगवून पावसाबरोबर संपणाऱ्या वर्षायू वनस्पती तेथे विशेष असतात. भिंतीच्या उभ्या अंगावर दरजांचा आश्रय घेणारी झाडे असतात. त्यातही उत्तरेकडील सावलीच्या अंगावर शेवाळी व नेचे आणि दक्षिणेकडील तापणाऱ्या अंगावर वेगळ्या जाती, असा भेद दिसतो. पायथ्याशी पाणी मुरते, केरकचरा कुजतो, नायट्रोजनयुक्त द्रव्ये साठतात; तेथे आघाडा, धोत्रा, पुनर्नवा यांसारखी झाडे माजतात. बी येण्याचे मार्गही ठरलेले आहेत. एकदांडी व रुई यांचे बी केसाळ पुंजक्यामुळे वाऱ्यावर येते; वड, पिंपळ यांचे बी पक्षी व वटवाघळे यांच्या विष्ठेतून येते; काही बी मुंग्या ओढून आणतात; आणि पुष्कळसे माणसाच्या पादत्राणांतून, गाड्यांतून व मालाच्या गोण्यांतून येते.

कॅमेऱ्यापूर्वीच्या याद्या

भग्नस्थलीय वनस्पतींची नोंद ठेवण्याची परंपरा छायाचित्रणाहून जुनी आहे. रोम येथील प्राचीन प्रेक्षागार, ज्याला कोलोसियम म्हणतात, त्यावर वाढलेल्या वनस्पतींची यादी पानारोली ह्या रोमन वैद्याने १६४३ मध्ये प्रसिद्ध केली. तीत ३३७ जाती होत्या. १८१५ मध्ये सेबास्तियानी याने २६१ जाती नोंदविल्या, आणि १८५५ मध्ये रिचर्ड डीकिन ह्या इंग्रज डॉक्टराने त्याच एका इमारतीवरील ४२० जातींचे वर्णन करणारा ग्रंथ लिहिला. हे कार्य वेळीच झाले असे म्हटले पाहिजे. कारण रोम इटलीची राजधानी झाल्यानंतर, १८७१ च्या सुमारास, उत्खनन व सफाई यांसाठी कोलोसियमवरील झाडोरा काढून टाकण्यात आला. पुढील शतकातील याद्या त्या मानाने तोकड्या आहेत.

ह्या याद्यांची तुलना करता येते म्हणूनच आज संशोधक त्या वास्तूवरील बदलत्या हवामानाचा, वापराचा आणि देखभालीचा वनस्पतींवर काय परिणाम झाला हे सांगू शकतात. परंतु याद्यांची एक मर्यादा आहे. अमुक जाती तेथे होती एवढे त्या सांगतात; ती माथ्यावर होती की पायथ्याशी, एकटी होती की दाटीने, हे वाचकाला दिसत नाही. छायाचित्राने नेमकी हीच उणीव भरून काढता येते. छायाचित्रणाचा व वनस्पतिशास्त्राचा संबंध फार आरंभापासूनचा आहे. ॲना ॲटकिन्स हिने १८४३ पासून ब्रिटनमधील शैवालांचे नमुने प्रकाशसंवेदी कागदावर ठेवून त्यांच्या निळ्या प्रतिमा घेतल्या व त्यांचे पुस्तक केले. छायाचित्रांनी सजविलेले ते जगातील पहिले पुस्तक मानतात.

लंडनची जळालेली आवारे

दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४० ते मे १९४१ ह्या काळात लंडनवर विमानांतून जो भडिमार झाला त्यात शहराच्या मध्यभागातील विस्तीर्ण वस्ती जमीनदोस्त झाली. पुढच्या उन्हाळ्यांत त्या तळघरांतून व विटांच्या ढिगाऱ्यांतून गुलाबी-जांभळ्या तुऱ्यांची उंच झाडे दाटीने फुलली. त्यांचे इंग्रजी नाव रोझबे विलोहर्ब. जळालेल्या जमिनीवर हे झाड आधी येते. त्याचे बी रेशमी केसांच्या पुंजक्याने दूर उडते आणि त्याला मोकळा उजेड लागतो. लोकांनी त्याला 'बाँबतण' असे नाव दिले. एडवर्ड सॅलिसबरी ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये बाँबग्रस्त भागातील वनस्पतींवर लेख लिहिला, आणि १९४५ च्या सुमारापर्यंत अशा जागांवरील शंभराहून अधिक जातींची नोंद झाली.

शतकानुशतके इमारतींखाली निजलेले बी बाँबमुळे जागे झाले, ही कल्पना अशा वेळी मनाला सहज मोहविते. पण तेथील बहुसंख्य झाडांचे बी वाऱ्याने येणारे होते किंवा माणसाबरोबर आलेले होते. बी दीर्घकाळ जिवंत राहते हे मात्र खरे. त्याच भडिमारात लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील वनस्पतिसंग्रहाला आग लागली. ती विझविताना पडलेल्या पाण्याने १७९३ मध्ये चीनमधून आणलेले शिरीषकुलातील एका झाडाचे बी भिजले आणि सुमारे १४७ वर्षांनी त्याला मोड आले.

लंडनच्या ढिगाऱ्यांवर पिवळ्या फुलांचे आणखी एक झाड विपुल होते. त्याचा प्रवास रंजक आहे. ऑक्सफर्ड रॅगवर्ट ह्या नावाने ओळखले जाणारे हे झाड सिसिलीतील एटना ज्वालामुखीच्या उतारांवरील दोन जातींच्या संकरातून निर्माण झाले, असे आजचे संशोधन सांगते. सुमारे १७०० मध्ये ते ऑक्सफर्डच्या वनस्पति-उद्यानात लावले गेले. तेथून ते गावच्या भिंतींवर निसटले आणि १८४४ मध्ये ऑक्सफर्डला रेल्वे आल्यावर रुळांच्या कडेकडेने देशभर पसरले. रुळांखालची खडी व राख त्याला लाव्हाच्या भुसभुशीत भूमीसारखीच मानवली. हे झाड सेनेसिओ ह्या प्रजातीतील असून, सह्याद्रीचे पठार भाद्रपदात पिवळे करणारी आपली सोनकी ही त्याच प्रजातीची आहे. म्हणजे एखाद्या ढिगाऱ्यावरील एका फुलामागे ज्वालामुखी, उद्यान, रेल्वे आणि युद्ध एवढा इतिहास उभा असू शकतो. पण तो वाचता यावयास ते फूल कोठे उभे होते हे ठाऊक असावे लागते.

फूल आणि ठिकाण

हा मुद्दा दोन छायाचित्रकारांच्या कामावरून अधिक स्पष्ट होईल. पहिला कार्ल ब्लॉसफेल्ट. बर्लिनमधील कलाशिक्षणसंस्थेत तो शिकवीत असे. रस्त्यांच्या व रेल्वेच्या कडेची साधी झाडे आणून, त्यांच्या कळ्या, देठ व बोंडे साध्या पार्श्वभूमीवर ठेवून, तो कित्येक पटींनी मोठी अशी छायाचित्रे घेई. १९२८ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. झाडाची घडण त्यांत इतकी रेखीव दिसते की एखादे तण लोखंडी कठड्याच्या नक्षीसारखे भासते. विद्यार्थ्यांना आकाराची जाण यावी हा त्याचा हेतू होता आणि तो पूर्ण सफल झाला. पण ते झाड कोणत्या बांधावर, कोणत्या मातीत, कोणाच्या शेजारी उगवले होते, हे त्या चित्रांतून कळत नाही.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. तेथे मालगाड्यांसाठी सुमारे नऊ मीटर उंचीवर, खांबांवर बांधलेला एक रेल्वेमार्ग १९३४ मध्ये सुरू झाला. १९८० मध्ये त्यावरून शेवटची गाडी गेली. पुढील वीस वर्षांत रुळांमधल्या खडीत धूळ साचली आणि गवते, रानफुले व झुडपे यांचे एक लांबच लांब कुरण शहराच्या छपरांमधून पसरले. खालून चालणाऱ्यांस त्याची कल्पनाही नव्हती. मार्ग पाडून टाकावा असा घाट घातला जात असता, जोएल स्टर्नफेल्ड ह्या छायाचित्रकाराने २००० व २००१ मध्ये निरनिराळ्या ऋतूंत मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्याने त्याची चित्रे घेतली. त्याने एकेका फुलाचा पाठलाग केला नाही. माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून रूळ, गवत आणि दोन्ही बाजूंच्या इमारती असा सबंध देखावा त्याने घेतला. ह्या चित्रांनी लोकमत वळविण्यास मोठे साहाय्य केले. मार्ग पाडला गेला नाही आणि २००९ मध्ये तेथे 'हाय लाइन' हे सार्वजनिक उद्यान सुरू झाले.

तथापि ह्या हकीगतीचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. उद्यान करण्यासाठी जुनी खडी काढावी लागली, रूळ उचलावे लागले, पाण्याचा निचरा नव्याने करावा लागला. त्याबरोबर वीस वर्षांत आपोआप आलेले ते कुरणही गेले आणि त्याची आठवण देणारी नवी लागवड रेखाटनानुसार करण्यात आली. चित्रांनी वास्तू वाचविली, पण चित्रांतील कुरण वाचले नाही. सुदैवाने रिचर्ड स्टॉल्टर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याआधी त्या मार्गावर हिंडून यादी केली होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या यादीत १६१ जाती आहेत. आज ते कुरण जाणून घ्यावयाचे तर चित्रे आणि यादी दोन्ही समोर ठेवावी लागतात. चित्रांवरून सर्व जाती ओळखता येत नाहीत आणि यादीवरून देखावा दिसत नाही.

दुसरा मार्गही संभवतो, हे बर्लिनच्या उदाहरणावरून दिसते. तेथील झ्यूडगेलांडे नावाचे रेल्वे-आवार १९५२ मध्ये बंद पडले. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, तेथील वनस्पतींच्या साडेतीनशेहून अधिक जाती नोंदविल्या, आणि नागरिकांच्या आग्रहामुळे ते सुमारे अठरा हेक्टरांचे आवार शतकाच्या अखेरीस निसर्गोद्यान म्हणून राखले गेले. तेथे झाडे उपटली नाहीत. काही भागांत माणसांसाठी जमिनीपासून उंच लोखंडी पायवाट बांधली. काय राखावयाचे हे आधी ठाऊक होते, म्हणून ते राखता आले.

आपल्या देशातील क्षेत्र

आपल्याकडे ह्या कामाला वाव अमर्याद आहे. सी. के. वार्ष्णेय यांनी वाराणसीतील भिंतींवरच्या वनस्पतींची निरीक्षणे १९७१ मध्ये प्रसिद्ध केली होती. पण अशा अभ्यासाची गरज असलेली शहरे, किल्ले व आवारे असंख्य आहेत. दिल्लीतील जुन्या तटबंद्या, वसईच्या किल्ल्यातील पोर्तुगीज अवशेष, १९८२ च्या संपानंतर एकेक करून थंडावलेल्या मुंबईच्या कापडगिरण्यांपैकी अद्याप उभी असलेली आवारे, २००१ मध्ये बंद झालेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी, डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेले धनुष्कोडी, ह्या प्रत्येक ठिकाणची माती वेगळी, पाऊस वेगळा आणि ओस पडण्याचे कारणही वेगळे.

उत्तर भारतापासून दक्षिणेपर्यंत जुन्या भिंतींवर आढळणारे एक झाड म्हणजे लिंडेनबर्गिया. त्याची फुले लहान, पिवळी व दोन ओठांची असतात. त्याच्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच 'भिंतीवरची' असा अर्थ आहे. सह्याद्रीच्या किल्ल्यांवर पावसाळ्यात ओल्या दगडांवर गुलाबीसर रानबिगोनिया आणि तेरड्याच्या निरनिराळ्या जाती येतात. कोरड्या मुलखातील पडक्या आवारांत रुई आणि पिवळा धोत्रा ही ओळखीची असतात. ह्यांपैकी पिवळा धोत्रा मूळचा अमेरिकेतला, आणि एकदांडीही तिकडचीच.

परदेशी वनस्पतींच्या बाबतीत अशा नोंदींचे मोल विशेष आहे. गाजर गवत आपल्या शेतांत व रस्त्यांकडेला पसरल्याने आज देशाला मोठा उपद्रव होतो. पुण्यातून त्याची नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. असे आगंतुक पुष्कळदा पडीक आवारात किंवा रेल्वेच्या कडेला आधी दिसतात व मागाहून शेतात शिरतात. अशा आवाराचे दर वर्षी छायाचित्र घेणारा एखादा शिक्षक किंवा विद्यार्थी नवा आगंतुक इतरांच्या आधी हेरू शकेल.

छायाचित्र कसे घ्यावे

प्रत्येक वनस्पतीची किमान चार चित्रे घ्यावीत. पहिले ठिकाणाचे: वास्तूचा ओळखू येणारा भाग आणि त्यात ती वनस्पती कोठे आहे हे दाखविणारे. दुसरे संपूर्ण झाडाचे, ज्यात त्याची ठेवण आणि शेजारची झाडे दिसतील. तिसरे फुलाचे, समोरून आणि बाजूने. चौथे पानाचे, वरून व खालून, आणि देठ खोडाला जेथे मिळतो त्या जागेचे. फळ किंवा बी असल्यास तेही घ्यावे. फुलामागील हिरवी निदले आणि पानांची मांडणी ह्यांवरून जाती ठरते. नवशिके नेमके तेच विसरतात. एका चित्रात मापाची पट्टी किंवा नाणे ठेवावे.

प्रकाशाचा विचार आधी करावा. भर दुपारच्या उन्हात पांढऱ्या पाकळ्यांवरचे तपशील नाहीसे होतात आणि सावल्या काळ्याकुट्ट पडतात. ढगाळ दिवस किंवा सकाळचा पहिला प्रहर उत्तम. उन्हातच चित्र घ्यावे लागल्यास फुलावर पांढऱ्या पातळ कापडाचा आडोसा धरावा. सावलीकडच्या अंगाला पांढरा कागद धरला तर उजेड परावर्तित होतो. मात्र ठिकाणाचे चित्र असा आडोसा न धरता घ्यावे, कारण तेथे ऊन किती पडते ही माहितीही नोंदीचा भाग आहे.

लहान फूल अगदी जवळून घेताना चित्रातील स्पष्ट दिसणारा पट्टा फार अरुंद होतो. फूल चित्रफलकावर जेवढ्यास तेवढे उमटावयाचे असेल तर तो एकदोन मिलिमीटरच राहतो. म्हणून कॅमेऱ्याचे छिद्र लहान करावे, पण फार लहान केल्यास प्रकाशाच्या विवर्तनामुळे चित्र एकंदरीतच मंदावते. त्यापेक्षा कॅमेऱ्याची पाठ फुलाच्या मुख्य प्रतलाशी समांतर धरणे अधिक फलदायी ठरते. मोबाइलने चित्र घेताना फार जवळ जाऊ नये. थोडे दूर राहून चित्र मागाहून कापून घ्यावे. भिंतीच्या माथ्यावर वारा नेहमीच असतो. दोन झुळुकांच्या मधल्या क्षणाची वाट पाहावी.

रंगाच्या बाबतीत एक जुना अनुभव सांगण्यासारखा आहे. रंगीत फिल्मवर काही निळी फुले गुलाबी उमटत, कारण त्यांच्या पाकळ्या डोळ्याला न दिसणारा तांबड्यापलीकडचा प्रकाश परावर्तित करतात आणि फिल्म त्याच्या सीमेवरील किरणांना दाद देई. आजच्या कॅमेऱ्यांत तो प्रकाश अडविणारी काच असल्याने हा दोष कमी झाला आहे. तरीही रंग शब्दांत लिहून ठेवण्याची सवय चांगली. वेळेकडेही लक्ष द्यावे. मर्यादवेलीची फुले सकाळी टवटवीत असतात आणि दिवस चढल्यावर मिटतात; पांढरा धोत्रा सायंकाळी उमलतो. 'फूल नव्हते' अशी नोंद करण्यापूर्वी आपण कोणत्या वेळी गेलो होतो हे आठवावे.

चित्राबरोबरची नोंद

प्रत्येक चित्रसमूहाबरोबर पुढील गोष्टी लिहाव्यात: तारीख व वेळ, ठिकाण, वास्तूचा प्रकार आणि ती कधीपासून ओस आहे हे कळल्यास ते, झाड माथ्यावर, अंगावर की पायथ्याशी, बांधणी दगडाची, विटेची की काँक्रीटची, चुना की सिमेंट, ऊन की सावली, त्या जातीची झाडे साधारण किती, आणि शेजारी कोणत्या वनस्पती. मोबाइल स्थानाचे अक्षांश-रेखांश आपोआप टिपून ठेवू शकतो. तेवढ्यावर विसंबून बाकीचे लिहिण्याचा आळस करू नये. झाडाचे स्थानिक नाव परिसरातील वृद्धांना विचारून तेही लिहावे, कारण ते नावही वास्तूइतकेच नाहीसे होण्याच्या वाटेवर असते.

ओळख पटविताना घाई करू नये. पश्चिम भारतासाठी थिओडोर कुक याने १९०१ ते १९०८ ह्या काळात प्रसिद्ध केलेली मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची आजही उपयोगी पडते. मात्र त्यातील कित्येक नावे आता बदललेली आहेत. २००८ पासून चालू असलेल्या इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलसारख्या ठिकाणी चित्र व माहिती दिल्यास जाणकार ओळख सुचवितात. गवते आणि लहान फुलांच्या काही प्रजाती केवळ चित्रावरून ओळखता येत नाहीत. अशा वेळी प्रजातीचे नाव लिहून थांबणे हेच शास्त्रीय होय. चुकीचे नाव दिलेले चित्र नाव नसलेल्या चित्राहून अधिक नुकसान करते.

काही सावधगिरी

पडक्या वास्तूत जाण्यापूर्वी मालकाची किंवा संबंधित खात्याची अनुमती घ्यावी. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत तिवई लावण्यासही अनुमती लागते. एकट्याने जाऊ नये. सुटलेले चिरे, उघड्या विहिरी, कुजलेले तक्तपोशीचे मजले, फुटक्या काचा आणि साप यांचे भय असते. खाणींच्या व कारखान्यांच्या आवारांतील मातीत विषारी द्रव्ये असू शकतात. कोलारसारख्या सोन्याच्या खाणींतील टाकाऊ भुकटीत सायनाइडचे अवशेष असतात. गाजर गवताच्या स्पर्शाने कित्येकांच्या त्वचेवर पुरळ येते. भिंतीवर चढून चित्र घेण्याचा मोह टाळावा, कारण तुमच्या पायाने निखळलेला दगड पुन्हा बसविता येत नाही.

चित्र चांगले यावे म्हणून आजूबाजूचे गवत उपटणे ही छायाचित्रकारांची सर्वसामान्य चूक आहे. आडवी आलेली काडी बाजूस धरावी व मग सोडून द्यावी. आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. ज्याला आपण ओसाड म्हणतो ते पुष्कळदा ओसाड नसते. कोणी तेथे शेळ्या चारतो, कोणी त्याच झाडाची भाजी खुडतो, कोणी आडोशाला संसार मांडलेला असतो. त्यांच्याशी बोलून मगच कॅमेरा काढावा. त्या जागेविषयी त्यांना ठाऊक असलेले पुष्कळसे आपल्या वहीत उतरण्याजोगे असते.

एक छोटा उपक्रम

ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांनी घराजवळची किंवा शाळेजवळची एकच पडकी भिंत निवडावी. तिच्यासमोर एक जागा निश्चित करावी, तेथून महिन्यातून एकदा, शक्य तो त्याच तारखेस व त्याच वेळी, त्याच उंचीवरून एक चित्र घ्यावे, आणि त्या दिवशी फुललेल्या प्रत्येक वनस्पतीची वर सांगितलेली चार चित्रे जोडावीत. बारा महिन्यांनी ती क्रमाने मांडली म्हणजे ज्येष्ठातील कोरडी भिंत, आषाढातील हिरवी, भाद्रपदातील फुललेली आणि माघातील पुन्हा वाळलेली भिंत एका दृष्टीत येईल. दुसऱ्या वर्षी तुलना सुरू होईल, आणि कोण आले, कोण गेले, हे सांगता येऊ लागेल.

त्या अवधीत कदाचित ती भिंत पाडली जाईल. तसे झाल्यास शेवटचे चित्र रिकाम्या जागेचे घ्यावे आणि तारीख लिहून संच पूर्ण करावा. जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला त्याची एक प्रत द्यावी. डीकिनने कोलोसियमवरची फुले मोजली तेव्हा सोळा वर्षांनी ती काढली जाणार आहेत हे त्याला ठाऊक नव्हते. आपल्या गावातील भिंतीबद्दल आपल्यालाही ते ठाऊक नाही. म्हणून पुढच्या पावसाची वाट न पाहता पहिले चित्र ह्याच महिन्यात घेतलेले बरे.